आधी नोंदवही, मग अ‍ॅप

पक्षी ओळखायला शिकणाऱ्याला आज साधनांची वाण नाही. सालिम अलींचे ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्‌स’ १९४१ साली आले, तेव्हा हौशी माणसाला असा सचित्र आधार दुर्मीळ होता. आता मराठीत मारुती चितमपल्लींचा ‘पक्षिकोश’ आहे, किरण पुरंदरे यांची पुस्तके आहेत, मोबाइलवर ‘मर्लिन’ हे अ‍ॅप फुकट मिळते आणि ‘झेनो-कँटो’ या संकेतस्थळावर जगभरच्या पक्ष्यांचे आवाज ऐकता येतात. तरीही घराभोवतीच्या वीस पक्ष्यांची नावे सांगणारी माणसे विरळच. माझ्या मते उणीव साधनांची नाही, ती कोणत्या क्रमाने वापरायची याच्या भानाची आहे. एकाच जागी रोज नेमाने ठेवलेली नोंदवही आधी हवी. पुस्तक आणि अ‍ॅप यांचे मोल तिच्यामुळे वाढते.

अलिबागजवळच्या किहीमला १९३० साली सालिम अलींनी सुगरण पक्ष्यांच्या वसाहतीचे निरीक्षण केले. नर घरटे अर्धवट विणतो, माद्या येऊन ते पारखतात, एखादीने पसंत केले की तो ते पुरे करतो आणि ती अंडी उबवायला बसली की दुसऱ्या घरट्याच्या उभारणीला लागतो, हा क्रम त्यांना तिथे उलगडला. पक्षी शेताच्या बांधावर कुणालाही दिसणारा. पण कोणता नर कोणत्या घरट्यावर आहे, याची दिवसेंदिवस ठेवलेली नोंद नसती तर हे कळलेच नसते.

यावर कुणी म्हणेल, मर्लिन आवाज ऐकून क्षणात नाव सांगते, मग वही कशाला? नाव कळणे ही सुरुवात आहे, आणि तेही दरवेळी बिनचूक नसते. कोतवाल इतर पक्ष्यांच्या हुबेहूब नकला करतो, शिवाय शहरी गोंगाटात अ‍ॅप चकते. आकार, चोच, शेपटीची हालचाल, पक्षी जमिनीवर होता की शेंड्यावर, हे आधी टिपले असेल तरच अ‍ॅपचे उत्तर तपासता येते. तांबटाची टुकटुक कोणत्या महिन्यात वाढली, कोकिळेची ठिपकेदार मादी कावळ्याच्या घरट्याभोवती केव्हा घिरट्या घालू लागली, हे तर तुमच्या अंगणापुरते तुम्हालाच लिहावे लागेल.

अशा साध्या नोंदींना विज्ञानातही जागा आहे. ‘ई-बर्ड’ या संकेतस्थळावर जमलेल्या हौशी निरीक्षकांच्या याद्यांतूनच ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्‌स’ हा अहवाल तयार झाला. २०२३च्या अहवालात ९४२ जातींचा आढावा आहे. एखादी जात किती टक्के याद्यांमध्ये आढळते, यावरून तिची वाढ-घट जोखली जाते. म्हणून दिसलेला प्रत्येक पक्षी लिहिणे महत्त्वाचे. कावळा, साळुंकी, पारवा यांना ‘यात काय लिहायचे’ म्हणून वगळले, की हिशेबच बिघडतो. चिमणी देशभर नाहीशी होत आहे हा समजही अशाच नोंदींमुळे दुरुस्त झाला: २०२०च्या अहवालानुसार देशपातळीवर तिची संख्या साधारण स्थिर आहे, मोठ्या शहरांत मात्र घटली आहे. नवशिक्यांच्या चुकांचे काय, ही शंका रास्त आहे. पण अनपेक्षित नोंद ई-बर्ड बाजूला काढते आणि त्या भागातले जाणकार स्वयंसेवक ती तपासतात.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्याला परसदार नसते, हेही खरे. पण खिडकीतून दिसणारे एक झाड सुरुवातीला पुरे. खिडकीत पाण्याचे पसरट भांडे ठेवावे, ते रोज घासावे. कुंडीत जास्वंद लावली तर शिंजीर येऊ शकतो. दाणे टाकणे मात्र मला पटत नाही, कारण शहरात त्याने बहुधा पारव्यांचीच गर्दी वाढते.

चितमपल्लींचा जन्मदिवस ५ नोव्हेंबर, सालिम अलींचा १२ नोव्हेंबर. हा आठवडा महाराष्ट्रात पक्षी सप्ताह म्हणून पाळला जातो. फेब्रुवारीत चार दिवस ‘ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट’ ही पक्षीगणना असते आणि पंधरा मिनिटांची यादीही तिथे चालते. पक्षी सप्ताहात रोज सकाळी पंधरा मिनिटे खिडकीशी बसा, दिसेल तो पक्षी लिहा, आणि कावळ्याला वगळू नका.