द्राक्षबागेतील शिक्षण : महाराष्ट्रातील सहा दशकांचा मागोवा

महाराष्ट्रातील आधुनिक शेतीचा इतिहास लिहिताना संकरित बियाणे, रासायनिक खते, धरणे आणि कृषी विद्यापीठे यांची नोंद प्रथम घेतली जाते, आणि शेतकऱ्याकडे या साऱ्याचा स्वीकार करणारा किंवा ते नाकारणारा एवढ्याच भूमिकेतून पाहिले जाते. द्राक्षशेतीचा गेल्या सहा दशकांचा प्रवास मात्र या मांडणीत बसत नाही. नाशिक, सांगली, सोलापूर आणि पुणे या जिल्ह्यांत हे पीक ज्या रीतीने वाढले आणि युरोपच्या बाजारपेठेपर्यंत पोहोचले, तीत ज्ञान प्रयोगशाळेतून बागेत जितके आले तितकेच ते बागेतून प्रयोगशाळेकडे गेले, आणि ही देवाणघेवाण चालू राहावी यासाठी बागायतदारांनी स्वतःची संस्था उभी केली, ही या काळाची सर्वांत महत्त्वाची घटना मानली पाहिजे.

औपचारिक कृषिशिक्षणाची परंपरा याहून जुनी आहे. पुण्यात १९०७ मध्ये स्वतंत्र कृषी महाविद्यालय सुरू झाले. तेथील प्राचार्य हॅरॉल्ड मान यांनी पुण्याजवळच्या एका खेड्यातील जमीनधारणा, कर्ज आणि उत्पन्न यांचा बारकाईने अभ्यास करून तो १९१७ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला, आणि शेतीचे शिक्षण गावाच्या अर्थव्यवहारापासून तोडता येत नाही हे दाखवून दिले. गणेशखिंड येथील फळबागेत डॉ. जी. एस. चीमा यांनी डाळिंबाचा ‘गणेश’ आणि द्राक्षाचा ‘चीमा साहेबी’ हे वाण निवड पद्धतीने विकसित केले. पुढे १९६८ ते १९७२ या अवधीत राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली येथे कृषी विद्यापीठे स्थापन झाली. द्राक्षाला वाहिलेले राष्ट्रीय संशोधन केंद्र मात्र पुण्याजवळ मांजरी येथे १९९७ मध्ये सुरू झाले. महाराष्ट्र राज्य द्राक्ष बागाईतदार संघ त्याच्या सदतीस वर्षे आधी, १९६० मध्ये स्थापन झालेला होता. पिकाची शाळा आधी भरली आणि तिची इमारत नंतर उभी राहिली, असा हा क्रम आहे.

संघाची गरज का भासली, याचे उत्तर या वेलीच्या स्वभावात आहे. द्राक्ष हे मूलतः समशीतोष्ण प्रदेशातले पीक असून तेथे कडक थंडीत वेल पाने गाळून सुप्तावस्थेत जाते, वसंतात पुन्हा फुटते आणि वर्षातून एकदाच छाटावी लागते. दख्खनच्या पठारावर अशी थंडी पडत नसल्याने वेल बाराही महिने वाढत राहते, आणि तिला वळण लावण्यासाठी वर्षातून दोनदा छाटावे लागते : उन्हाळ्यात, साधारणतः एप्रिलमध्ये, काडी तयार व्हावी म्हणून केलेली ‘खरड छाटणी’ आणि ऑक्टोबरच्या सुमारास घड यावेत म्हणून केलेली ‘फळ छाटणी’. थंड देशांतील पाठ्यपुस्तकांत या दुहेरी वेळापत्रकाचा विचार नव्हता. त्यामुळे येथील बागायतदाराला आयते शास्त्र मिळण्याची सोय नव्हती, ते त्याला आपल्याच मांडवाखाली घडवावे लागले.

या शास्त्राचा गाभा एका डोळ्यात, म्हणजे काडीवरील कळीत, दडलेला असतो. खरड छाटणीनंतर सुमारे चाळीस ते साठ दिवसांच्या काळात नव्या काडीवरील डोळ्यांच्या आत सूक्ष्म अंकुर तयार होतात आणि त्यांपैकी कोणाचा घड होणार व कोणाची बाळी, म्हणजे आधाराला गुंडाळणारा तंतू, होणार हे त्याच वेळी ठरते. त्या काळात ऊन भरपूर मिळाले, पाणी व नत्र बेताने दिले गेले आणि काडीची वाढ आवरली गेली, तर घड धरतो. ढगाळ हवा राहिली किंवा वाढ मोकाट सुटली, तर ऑक्टोबरात डोळे फुटूनही घड दिसत नाहीत किंवा दिसलेले घड ‘जिरतात’, म्हणजे त्यांची बाळी होते. हे समजल्यानंतर पानांची ठरावीक संख्या होताच शेंडा खुडून बगलफुटीतून पुढची काडी घेण्याची ‘सबकेन’ पद्धत रूढ झाली, आणि फळ छाटणीपूर्वी काडीचे नमुने सूक्ष्मदर्शकाखाली चिरून कोणत्या डोळ्यावर घड आहे हे पाहून कात्री चालवायची, अशी ‘काडी तपासणी’ची प्रथाही पडली. एप्रिलमधील चुकीची किंमत ऑक्टोबरात कळणाऱ्या या पिकात अनुभव एकट्याने साठवणे परवडणारे नव्हते. संघाची छाटणीपूर्व चर्चासत्रे, ‘द्राक्षवृत्त’ हे मासिक, परदेशी तज्ज्ञांची व्याख्याने आणि अभ्यासदौरे यांमुळे एका बागेतील अपयश दुसऱ्या बागेला हंगामापूर्वी कळू लागले. पदवी न देणारे हे शिक्षण शिस्तीच्या दृष्टीने कोणत्याही विद्यापीठीय अभ्यासक्रमाच्या तोडीचे होते.

वाणांच्या बाबतीत बागायतदारांचे कर्तृत्व अधिक ठळक दिसते. प्रारंभीच्या काळात भोकरी, साहेबी आणि हैदराबादकडून आलेला अनाबेशाही हे बियांचे वाण प्रचारात होते. थॉमसन सीडलेस या बिनबियांच्या वाणाने पुढे त्यांची जागा घेतली. त्याचा मणी मुळात लहान असल्याने जिबरेलिक आम्ल या वाढ-संजीवकाच्या द्रावणात घड बुडवून मण्यांची लांबी व फुगवण साधण्याचे तंत्र त्याच्याबरोबर रुळले. याच थॉमसनच्या बागांत क्वचित एखाद्या फांदीला इतरांहून वेगळे घड लागत. वनस्पतीच्या वाढत्या भागात आपोआप घडणाऱ्या अशा आनुवंशिक बदलाला कायिक उत्परिवर्तन म्हणतात, आणि तो बदल ओळखून काडीपासून रोपे केल्यास नवा वाण मिळतो. तासगाव तालुक्यातील बोरगाव येथील वसंतराव आरवे यांनी ‘तास-ए-गणेश’, तर सोलापूरजवळच्या नान्नज येथील नानासाहेब काळे यांनी ‘सोनाका’ हा लांब मण्यांचा वाण अशाच निरीक्षणातून दिला. काळ्या द्राक्षातील ‘शरद सीडलेस’ही काळे यांचीच निवड आहे. हजारो वेलींमधून एक वेगळी फांदी हेरणे, ती जपणे आणि काही हंगाम तिची परीक्षा पाहणे हे काटेकोर संशोधनच आहे, आणि त्याला ‘शेतकऱ्याची हौस’ असे संबोधणे अन्यायाचे ठरते.

क्षार आणि दुष्काळ यांनी पुढचा धडा दिला. स्वतःच्या मुळांवर वाढणारा थॉमसन क्षारयुक्त पाण्यात व चुनखडीच्या जमिनीत खचू लागल्यावर डॉगरिज या जंगली जातीच्या खुंटावर कलम करण्याची पद्धत झपाट्याने पसरली, आणि ठिबक सिंचन ही चैन न राहता बाग जगवण्याची अट बनली.

निर्यातीने या शिक्षणाची कसोटी घेतली. सहकारी संस्थांना एकत्र आणून १९९१ मध्ये ‘महाग्रेप्स’ ही भागीदारी स्थापन झाली, आणि काढणीनंतर काही तासांत घडातील उष्णता काढून घेणारी पूर्वशीतकरण केंद्रे व शीतगृहे द्राक्षपट्ट्यात उभी राहिली. २००३ मध्ये युरोपातील तपासणीत भारतीय द्राक्षांत कीडनाशकांचे अवशेष आढळले, आणि त्यानंतर अवशेष-नियंत्रणाची यंत्रणा उभी राहिली. २००६ पासून ‘ग्रेपनेट’ या प्रणालीत प्रत्येक निर्यातक्षम बागेची नोंदणी होऊन पेटीवरून बागेपर्यंत माग काढणे शक्य झाले. तरीही २०१० मध्ये मोठा आघात झाला. वेलीची शाखीय वाढ रोखण्यासाठी खरड छाटणीनंतर फवारल्या जाणाऱ्या क्लोरमेक्वाट क्लोराइड या रसायनाचे अवशेष युरोपात मर्यादेबाहेर आढळले, कंटेनर अडकले आणि बागायतदार कर्जात रुतले. बागांमध्ये वर्षानुवर्षे वापरात असलेले हे संजीवक तपासणीच्या यादीत नव्हते, म्हणजे जे मांडवाखाली सर्वांना ठाऊक होते ते प्रयोगशाळेच्या कागदावर पोहोचलेच नव्हते. या घटनेचा दोष केवळ बागायतदाराच्या किंवा केवळ यंत्रणेच्या माथी मारणे सोपे आहे. वस्तुतः दोन्ही बाजूंमधील संवाद निर्यातीच्या वेगापुढे तोकडा पडला होता. त्यानंतर यादी विस्तारली, आणि कोणते औषध काढणीपूर्वी किती दिवस आधी थांबवायचे हे सांगणारी वेळापत्रके बागांत नियमाने वापरली जाऊ लागली.

या मागोव्यात एक मोठी उणीव नोंदवणे भाग आहे. विरळणी, घड बुडवणे, डोळ्यांना फूट येण्यासाठी रसायन लावणे ही सर्वांत नाजूक कामे मजूर स्त्रिया आणि नाशिक भागात पेठ, सुरगाणा येथून येणाऱ्या आदिवासी टोळ्या करतात. कोणता मणी काढायचा आणि कोणता ठेवायचा याचा निर्णय दिवसभर त्यांच्या बोटांत असतो. चर्चासत्रांची खुर्ची मात्र बागमालकाचीच राहिली, आणि रसायनांशी ज्यांच्या हातांचा थेट संबंध येतो त्यांच्या प्रशिक्षणाचा व संरक्षणाचा विचार फार उशिरा आणि अपुरा झाला.

अलीकडे ज्ञानाचे स्वरूपही पालटत आहे. स्वामित्वहक्क असलेले परदेशी रंगीत वाण करार करून आणले जात आहेत, आणि नाशिकच्या सह्याद्री फार्म्ससारख्या शेतकरी उत्पादक कंपनीने असे वाण सभासदांपर्यंत पोहोचवण्यात पुढाकार घेतला आहे. खासगी सल्लागारांची संख्याही वाढली आहे. नव्या वाणांमुळे बाजारात टिकाव धरता येतो हे खरे, परंतु ज्या परंपरेत बोरगावची किंवा नान्नजची काडी मागेल त्याला मिळत होती, ती परंपरा विकत घेतलेल्या ज्ञानापुढे क्षीण होण्याचा धोकाही तितकाच खरा आहे. मांजरीच्या केंद्राने रसासाठी विकसित केलेला ‘मांजरी मेडिका’ आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेचा ‘एआरआय-५१६’ हे वाण या दृष्टीने मोलाचे आहेत, कारण सार्वजनिक संस्थांनी वाण निर्माण करण्याचे काम सोडलेले नाही याची ते साक्ष देतात.

द्राक्षाला हे सर्व शक्य झाले त्याला पिकातील पैसा हे एक कारण होते, आणि तूर, हरभरा किंवा कोरडवाहू ज्वारी पिकवणाऱ्या शेतकऱ्याकडे तो पैसा नाही. त्यामुळे त्याच्यासाठी अशी चर्चासत्रे, असे मासिक आणि अशी तपासणीची सोय उभी करण्याची जबाबदारी विद्यापीठांनी आणि कृषी विज्ञान केंद्रांनी उचलली पाहिजे, आणि तिचा अभ्यासक्रम ठरवताना जिरायती शेतकऱ्याला व शेतमजूर स्त्रीला पहिल्या बैठकीपासून सोबत घेतले पाहिजे.