खरबी ओळखावी पोटावरून

विद्यार्थी मित्रांनो, खाडीतल्या माशाची ओळख नांदगाव खंडेश्वरच्या मुलांनी कशासाठी करून घ्यावी, असे तुम्हाला वाटेल. अमरावती जिल्ह्यातील या गावापासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर! पण नकाशा उघडा. जिल्ह्याच्या पूर्व सीमेवरून वाहणारी वर्धा वैनगंगेला मिळते, दोघींची प्राणहिता होते, प्राणहिता गोदावरीला मिळते आणि गोदावरी बंगालच्या उपसागराला. खाडीतले काही मासे नदीच्या गोड्या पाण्यातही सुखाने नांदतात. कोकणच्या खाडीकाठी जिला खरबी म्हणतात, ती त्यांपैकीच एक. गोदावरीच्या खोऱ्यातही ती आढळते.

तिचे शास्त्रीय नाव ग्लॉसोगोबियस गियुरिस. फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी गंगेतील माशांवरच्या आपल्या ग्रंथात १८२२ साली तिचे वर्णन केले.

समजा, नाल्याच्या डोहात तुमच्या जाळीत बोटाएवढा, लांबोळका, मातकट रंगाचा मासा आला. ही खरबी की मरळीचे पिल्लू? रंगावर जाल तर फसाल. खरबीच्या दोन्ही कुशींवर पाच-सहा काळसर डाग असतात खरे. पण पाण्यानुसार ते गडद किंवा फिके दिसतात आणि फॉर्मॅलीनच्या बाटलीत तर रंग उडूनच जातो. म्हणून रंगाऐवजी शरीराची रचना पाहावी.

प्रथम पाठ पाहा. मरळीच्या पाठीवर डोक्यामागून थेट शेपटीजवळ पोहोचणारा एकच लांब पर असतो. खरबीच्या पाठीवर दोन वेगळे पर असतात. पहिल्यात सहा काटे मोजता येतील.

आता मासा हलकेच उलटा करा. मरळीचे पोटाकडचे दोन पर सुटे असतात. खरबीचे मात्र एकमेकांना जुळून त्यांची लहानशी वाटी झालेली असते. या वाटीच्या आधाराने खरबी तळाच्या दगडाला धरून राहते, म्हणून वाहत्या पाण्यातही तिचा ठाव सुटत नाही. रोहूच्या कुशीवर स्पष्ट दिसणारी पार्श्वरेखाही खरबीच्या अंगावर नसते.

परंतु वाटी दिसली की लगेच 'खरबी' असे लिहू नका! खाडीच्या चिखलात उड्या मारणाऱ्या निवटीलाही अशीच वाटी असते. वाटीवरून कळतो तो माशाचा गट. जात ठरवायला आणखी खुणा लागतात. निवटीचे डोळे डोक्याच्या माथ्यावर बेडकासारखे वर आलेले असतात. खरबीचे डोके चपटे असते आणि खालचा जबडा वरच्याच्या पुढे आलेला असतो. तोंड उघडून पाहाल तर जिभेच्या टोकाला खाच दिसेल. ग्रीक भाषेत 'ग्लॉसा' म्हणजे जीभ. नावातच खूण सांगितलेली आहे, नाही का?

ही ओळख केवळ परीक्षेपुरती नाही. खरबी लहान मासे खाते. गावातल्या तळ्यात कटला, रोहू, मृगळ यांचे बीज सोडण्यापूर्वी तिथे खरबी किती आहेत हे पाहिले नाही, तर बोटभर वाढण्याआधीच पुष्कळसे बीज तिच्या पोटात जाते. मग 'बीजच वाईट निघाले' असे म्हणून माणसे मोकळी होतात आणि पुढच्या वर्षी पुन्हा तोच खर्च करतात!

शिक्षकांना एक सूचना करावीशी वाटते. शाळेच्या संग्रहातील बाटलीवर केवळ नाव न लिहिता मासा कोठे, केव्हा मिळाला, त्याची लांबी किती, पाठीवर पर किती आणि पोटाखाली वाटी आहे की नाही, हेही लिहावे. नाव चुकले तरी या नोंदींवरून पुढचा विद्यार्थी ते दुरुस्त करू शकेल. आणि मित्रांनो, संग्रहात एक खरबी असेल तर दुसरी नको. चित्र काढा, पर मोजा आणि ओल्या हातानेच तिला पुन्हा पाण्यात सोडा.