दोरीच्या आत की बाहेर?

एका महसूल मंडळात हजारो शेतं असतात. त्यांतल्या मोजक्या शेतांतले छोटे तुकडे कापून, मळून, वजन करून सगळ्या मंडळाचं हेक्टरी उत्पादन ठरवलं जातं. पीक विम्याची भरपाई या आकड्यावर अवलंबून असल्यामुळे ‘दहा शेतांवरून हजारोंचं काय कळणार?’ हा संताप स्वाभाविक आहे. पण त्याचा रोख चुकतो. एकूण शेतांपैकी किती टक्के मोजली याला फारसं महत्त्व नसतं. प्रत्यक्षात किती मोजली आणि शेताशेतांत किती तफावत आहे, यावर अचूकता ठरते. समजा, तुकड्यातुकड्यांतलं प्रमाण विचलन सरासरीच्या 30 टक्के आहे. मग दहा तुकड्यांच्या सरासरीची प्रमाण चूक साडेनऊ टक्क्यांच्या आसपास येते आणि चाळीस घेतले तर पावणेपाच. मंडळात दोन हजार शेतं असोत की वीस हजार, हिशेब जवळपास तोच. चौपट कष्ट करून चूक निम्मी होते. नियम कंजूष आहे, पण भरवशाचा. काळजी करायची ती दुसऱ्या चुकीची. ही चूक नेहमी एकाच बाजूला झुकते आणि नमुने कितीही वाढवले तरी तशीच राहते.

मग अनुभवी माणसाने ‘सरासरी’ दिसणारं शेत सरळ निवडावं, असं कुणी म्हणेल. पिकाची स्थिती ठरवणाऱ्या पैसेवारीचा नजरअंदाज वर्षानुवर्षं याच भरवशावर चालला. पण नजर चांगल्या वाढीकडे ओढली जाते, किंवा सवलत हवी असेल तर करपलेल्या कोपऱ्याकडे. आणि किती ओढली गेली हे मागाहून मोजता येत नाही. म्हणून पीक कापणी प्रयोगात शेताच्या नैर्ऋत्य कोपऱ्यापासून यादृच्छिक आकड्यांइतकी पावलं चालून तुकडा आखतात. तिथे पीक विरळ असलं तरी जागा बदलायची नाही.

एवढं करूनही एकतर्फी चूक शिरू शकते, हे ठासून सांगणारे शास्त्रज्ञ सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी कृषी संशोधन परिषदेत काम करताना वेगवेगळ्या आकारांचे तुकडे ताडून पाहिले आणि फार छोटे तुकडे उत्पादन फुगवून दाखवतात, असं 1946 मध्ये ‘नेचर’मध्ये मांडलं. कारण अगदी साधं आहे. तुकड्याभोवतीच्या दोरीवर आलेलं पिकाचं ताट आत धरायचं की बाहेर, असा प्रश्न पडला की हात ते आत ओढतो. दोन फूट त्रिज्येच्या वर्तुळाची कड दोन इंच बाहेर सरकली, तर क्षेत्र 17 टक्के वाढतं. पाच मीटरच्या चौकोनात चारही बाजू तेवढ्याच सरकल्या तरी वाढ चार टक्क्यांच्या आसपास राहते. तुकडा लहान होत जातो तसा क्षेत्राच्या मानाने कडेचा वाटा वाढतो. बंगालमध्ये छोट्या तुकड्यांवर मोठी सर्वेक्षणं उभारणाऱ्या प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या बाजूने उत्तर होतं, की छोटे तुकडे झटपट कापून होतात, म्हणून जास्त ठिकाणी घेता येतात. आणि प्रशिक्षित माणसं असली की कड नीट सांभाळली जाते. हे उत्तर पोकळ नव्हतं. पण सुखात्मे यांची पद्धत महसूल आणि कृषी खात्याच्या नेहमीच्या कर्मचाऱ्यांकडून राबवायची होती. दहा कामं अंगावर असलेल्या माणसाच्या हाती द्यायला मोठा तुकडाच बरा, असं माझं मत आहे.

विम्यात या चार टक्क्यांचं काय होतं ते पाहा. ज्याच्या खाली गेल्यावर भरपाई मिळते ते उंबरठा उत्पादन हेक्टरी 1000 किलो आणि खरं उत्पादन 800 किलो असेल, तर तूट 20 टक्के. मोजणी चार टक्के फुगून 832 किलो आली, की तूट 16.8 टक्क्यांवर येते, म्हणजे भरपाई जवळजवळ सहाव्या हिश्शाने घटते. यावर जाणकार म्हणतील, उंबरठाही मागच्या वर्षांच्या अशाच मोजण्यांतून आलेला आहे. तोही तितकाच फुगलेला असेल, तर दोन्ही चुका एकमेकींना खातात. बरोबर आहे. उंबरठा 1040 धरला, तर तूट पुन्हा 20 टक्केच निघते. मात्र त्यासाठी चूक दरवर्षी सारखीच व्हायला हवी. माणसं बदलली, घाई वाढली, यंदा देखरेख कडक किंवा ढिली झाली, की हे गणित मोडतं. उपग्रहाच्या चित्रांवरून उत्पादन काढलं तरी ते चित्र ताडून पाहायला जमिनीवरचं वजन लागतंच.

तेव्हा गावात पीक कापणी प्रयोग असेल त्या दिवशी शेतकऱ्यांनी बांधावर हजर राहावं. ‘दहाच का?’ हे जरूर विचारावं. पण त्याआधी तुकड्याची जागा आकड्यांवरून ठरली की नजरेने, टेप ताणून धरला आहे का आणि कडेवरचं प्रत्येक ताट कुठल्या बाजूला मोजलं, हे नीट पाहावं.