वेटिंग सात राहिलं, अडतीस मात्र कन्फर्म!

मागच्या भागाच्या शेवटी मी म्हणालो होतो की नेहमी रेल्वेने फिरणाऱ्यांनी आपापली गाऱ्हाणी कळवावीत. ढीग आला. मोबाइलवर मोठ्याने सिनेमा लावणारे, रात्री अकराला दिवा लावून पुऱ्यांचे डबे उघडणारे, दुसऱ्याच्या लोअर बर्थवर मांडी घालून "जरा अ‍ॅडजस्ट करा ना" म्हणणारे, सगळे त्यात होते. पण इंदूर असो की बेळगाव, बडोदा असो की हैदराबाद, एक तक्रार सगळीकडून सारखीच आली. ती वेटिंग लिस्टची. त्यातलं झाशीहून आलेलं एक पत्र मी बाजूला काढून ठेवलं.

झाशीत पिढ्यान्‌पिढ्या राहणारं मराठी कुटुंब. वडील पुण्याला धाकट्या मुलाकडे होते आणि तिथेच त्यांचं हृदयाचं ऑपरेशन ठरलं. थोरल्याने झेलम एक्स्प्रेसचं स्लीपरचं तिकीट काढलं, वेटिंग सात. सातच तर आहे, होईल म्हणून घरचे निश्चिंत. चार्ट लागला तेव्हा सातचं सातच. मोबाइलवरून काढलेलं तिकीट आपोआप रद्द झालं, पैसे परत आले आणि ते गृहस्थ जनरल डब्यात दाराशी उभे राहून पुण्याला गेले. त्यांचा भाचा जम्मूला नोकरीला आहे. तोही त्याच गाडीने आला. त्याचं वेटिंग अडतीस होतं आणि तो स्लीपरमध्ये आडवा होऊन आला. पत्राच्या शेवटी एकच प्रश्न होता: "साहेब, यात पैसे कोणी खाल्ले?"

कोणीच नाही, असं माझं उत्तर आहे. पण नुसतं एवढं म्हणून भागणार नाही, ते समजावून सांगायला हवं.

आपण वेटिंग लिस्टला एक रांग समजतो. रेशनच्या दुकानासारखी, पुढचा हलला की मागचा सरकतो. गाडीला अशी एक रांग नसते. एकाच गाडीच्या एकाच वर्गासाठी तीन-चार वेगवेगळ्या रांगा असतात आणि तुमचा नंबर हा तुमच्या रांगेतला नंबर असतो. शेजारच्या रांगेत काय चाललंय त्याच्याशी त्याचा फारसा संबंध नसतो.

असं का केलं? बर्थ म्हणजे नाटकातली खुर्ची नव्हे. नाटकाची खुर्ची एकदा विकली की विकली. बर्थ हा लांबीने विकला जातो, ताग्यातल्या कापडासारखा. झेलम जम्मूतवीहून निघते, पठाणकोट, जालंधर, अंबाला, दिल्ली, ग्वाल्हेर, झाशी, भोपाळ, भुसावळ, मनमाड करत दोन रात्रींनी पुण्याला येते. एखादा बर्थ कोणी अंबाला ते भोपाळ घेतला, तर त्याच्या आधीचा आणि नंतरचा तुकडा उरतो. तो तुकडा विकला गेला तर ठीक, नाहीतर बर्थ रिकामा धावतो. म्हणून रेल्वेचा कल असतो की पूर्ण लांबीच्या प्रवाशाला आधी द्यावं. सगळंच त्यांना दिलं तर मधल्या स्टेशनांवरच्या लोकांना काहीच मिळणार नाही, म्हणून मधल्या काही मोठ्या स्टेशनांसाठी थोडे बर्थ बाजूला काढून ठेवतात. यालाच कोटा म्हणायचं.

ही पद्धत कॉम्प्युटरच्या आधीची आहे. तेव्हा स्टेशनावर रजिस्टर असे, वाट्याला आलेले बर्थ बाबू त्यात हाताने लिहीत आणि परतीचं आरक्षण हवं असेल तर तार करावी लागे. १९८६ साली रेल्वेने या कामासाठी 'क्रिस' ही संस्था काढली, पुढे देशभरची केंद्रं एकमेकांना जोडली गेली, २००२ साली इंटरनेटवर तिकीट मिळू लागलं. रजिस्टर गेलं. कोटा मात्र राहिला.

आता तिकिटावरची अक्षरं बघू, कारण खरी मेख तिथेच आहे. जीएनडब्ल्यूएल म्हणजे जनरल वेटिंग. गाडी जिथून सुटते तिथून किंवा त्याच्या जवळपासच्या स्टेशनांवरून निघणाऱ्यांची ही रांग. आरएलडब्ल्यूएल म्हणजे रिमोट लोकेशन, मधल्या मोठ्या स्टेशनाची रांग. पीक्यूडब्ल्यूएल म्हणजे पूल्ड कोटा, बऱ्याच लहान स्टेशनांना मिळून दिलेले थोडे बर्थ. आणि टीक्यूडब्ल्यूएल म्हणजे तत्कालची रांग. तिकिटावर पुढे दोन आकडे दिसतात. पहिला तिकीट काढताना मिळालेला, दुसरा आजचा. दुसराच बघायचा.

झाशीकरांचं तिकीट आरएल होतं, भाच्याचं जीएन. समजण्यापुरते आकडे धरू, हे खरे आकडे नव्हेत. समजा झाशीच्या वाट्याला बारा बर्थ आहेत. वेटिंग सात कन्फर्म व्हायला त्या बारापैकी सात जणांनी प्रवास रद्द करायला हवा. अर्ध्याहून जास्त! लग्नसराईत नाहीतर दिवाळीत हे कसं व्हायचं? आता जम्मूकडे या. जनरल कोट्यात समजा पाचशे बर्थ आहेत. अडतीस वेटिंगच्या पुढे आरएसीवाले असतात, समजा साठ. ते साठ जण दोघांत एक असे तीस साइड लोअर बर्थवर बसलेले आहेत. म्हणजे त्या सगळ्यांना पूर्ण बर्थ द्यायला आणखी तीसच बर्थ लागतात, साठ नाही. त्यावर हे अडतीस. एकूण अडुसष्ट. पाचशेत अडुसष्ट रद्द होणं म्हणजे चौदा टक्क्यांच्याही आत, आणि एवढं तर दोन महिन्यांत सहज होतं. शिवाय चार्ट करताना इतर कोट्यांतले न विकलेले बर्थ मोकळे होतात, तेही बहुतेक वेळा आधी जनरल वेटिंगकडे वळतात.

तेव्हा सात हा अडतीसपेक्षा लहान आकडा असला तरी तो लहान तळ्यातला आकडा आहे. आकडा बघण्याआधी अक्षरं बघा.

भ्रष्टाचार अजिबात नसतो असं मी म्हणत नाही. तत्काल तिकिटांत दलालांनी काय धुमाकूळ घातला ते आपण पाहिलं, त्यामुळेच तर जुलै २०२५ पासून ऑनलाइन तत्कालला आधार जोडलेलं खातं लागतं. पण आरएल सात न होण्यात चोरी नाही, गणित आहे. माझी तक्रार वेगळीच आहे. हे गणित प्रवाशाला सांगत का नाहीत? साठ दिवस आधी तिकीट काढणाऱ्या माणसाच्या हातात रेल्वे इंग्रजी अक्षरांचं कोडं देते. त्याऐवजी "तुमच्या स्टेशनाचे बर्थ इतके, तुमचा नंबर इतका" एवढी एक ओळ हिंदीत, मराठीत, तेलुगूत छापली, तर झाशीच्या त्या मुलाने पहिल्याच दिवशी दुसरा मार्ग शोधला असता. त्याला विमान परवडलं असतं की नाही, ते मला माहीत नाही. बसने तरी तो वेळेत निघाला असता.

दुसरे मार्ग आहेत, ते सांगतो. पहिला मार्ग जुन्या प्रवाशांना ठाऊक असतो. गाडी जिथून सुटते तिथपासूनचं तिकीट काढायचं आणि 'बोर्डिंग पॉइंट' आपलं स्टेशन द्यायचं. भाडं पूर्ण लांबीचं पडतं, पण तुम्ही मोठ्या तळ्यात उतरता. झेलमला जम्मूपासूनचे पैसे झाशीकराला जड जातील, पण गाडी सुटण्याचं ठिकाण तुमच्या गावापासून शंभर-दीडशे किलोमीटरवर असेल तर फरक थोडा असतो. बोर्डिंग पॉइंट तिकिटावर नोंदवायला मात्र विसरू नका. नोंदवलं नाही तर टीसी पहिल्या स्टेशनावर तुमची जागा रिकामी बघतो, माणूस आला नाही असं समजतो आणि बर्थ दुसऱ्याला देतो. मग भोपाळला भांडून उपयोग नसतो. आणि एकदा पुढचं स्टेशन दिलं की आधीच्या स्टेशनावरून चढण्याचा हक्क जातो, हेही ध्यानात असू द्या.

दुसरा मार्ग 'विकल्प'. वेटिंगचं तिकीट ऑनलाइन काढताना विचारतात की त्याच मार्गावरच्या दुसऱ्या गाडीत जागा मिळाली तर चालेल का. जास्तीचे पैसे पडत नाहीत. अट एकच, दुसऱ्या गाडीत जागा मिळाली की पहिल्या गाडीत चढता येत नाही. ज्याला तारीख महत्त्वाची आहे, गाडी नाही, त्याने हो म्हणावं.

तत्कालचं वेटिंग घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. प्रवासाच्या आदल्या दिवशी सकाळी दहाला एसीचं आणि अकराला स्लीपरचं तत्काल उघडतं. तिथे आरएसीची पायरीच नाही, एकतर कन्फर्म नाहीतर लटकलेलं. आणि आदल्या दिवशी जादा पैसे भरून तिकीट काढलेला माणूस ते रद्द कशाला करील? कन्फर्म तत्काल रद्द केलं तर पैसेही परत मिळत नाहीत.

"मग समोरचा बर्थ रात्रभर रिकामा का दिसतो?" हाही प्रश्न बऱ्याच जणांचा. तो बहुधा पुढे चढणाऱ्याचा असतो. खरोखर न आलेल्याचा असेल तर पहिला हक्क आरएसीवाल्याचा, त्यांच्या क्रमाने. हल्ली बहुतेक टीसींच्या हातात यंत्र असतं, रिकामा बर्थ त्यात भरला की क्रम तेच दाखवतं.

एक रांग मात्र सगळ्यांना खुपते, ती इमर्जन्सी कोट्याची. खासदार, मोठे अधिकारी यांच्यासाठी आणि आजारपण, मृत्यू अशा प्रसंगांसाठी हे थोडे बर्थ चार्टपर्यंत राखून ठेवतात. संरक्षण दलांनाही वेगळा कोटा आहे. मोठ्या स्टेशनांवर आमचं एमसीओ ऑफिस असतं, सुट्टीवर निघालेला जवान वॉरंट घेऊन आधी तिथे जातो. तरीही झेलमच्या दाराशी काळ्या पेटीवर बसून दोन रात्री काढणारे जवान मी कितीतरी पाहिले आहेत. कोटा असून सगळ्यांना पुरत नाही तो नाहीच. पण ऑपरेशनसाठी निघालेल्या साध्या माणसाला इमर्जन्सी कोट्यासाठी अर्ज करता येतो, हेच मुळात लोकांना माहीत नसतं. पीएनआर नंबर आणि हॉस्पिटलचा कागद घेऊन रेल्वेच्या विभागीय कार्यालयात आदल्या दिवशीच जायचं. मिळेलच अशी खात्री नाही. पण ओळख असलेले लोक जातात आणि ओळख नसलेले घरी बसून चार्टची वाट बघतात, हे मला पटत नाही.

आता ज्यांना जागा मिळाली त्यांची भांडणं, थोडक्यात. मिडल बर्थ रात्री दहा ते सकाळी सहा एवढ्याच वेळात उघडायचा. २०१७ पर्यंत ही वेळ नऊपासून होती, म्हणून जुने लोक अजून नऊला उठवतात. बाकीच्या वेळात खालचा बर्थ तिघांचा. साइड अप्परवाल्याला दिवसा खाली बसता येतं, दहा ते सहा मात्र खालच्या माणसाला उठवता येत नाही. आजारी माणूस, गरोदर बाई असेल तर इतरांनी सांभाळून घ्यावं असंही रेल्वेने त्याच नियमात म्हटलं आहे.

राहिला ज्येष्ठांचा लोअर बर्थ. तिकिटातली ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० मध्ये बंद झाली ती अजून बंदच आहे, पण लोअर बर्थचा वेगळा कोटा चालू आहे. पुरुषांना साठच्या पुढे, बायकांना पंचेचाळीसच्या पुढे. तरी आजींना अप्पर का येतो? कारण सून, मुलगा, नातवंडं आणि आजी-आजोबा असं सहा जणांचं एकच तिकीट काढलेलं असतं. हा कोटा एकट्याने किंवा दोघांनीच प्रवास करणाऱ्यांसाठी आहे. तरुण मंडळी त्याच तिकिटावर आली की तो लागू होत नाही. म्हणून आजी-आजोबांचं दोघांचं तिकीट वेगळं काढा, कोट्याच्या रकान्यात लोअर बर्थ, ज्येष्ठ नागरिक हा पर्याय निवडा, आणि तिकीट हातात आलं की बर्थचा नंबर आठाने भागून बघा. स्लीपर आणि थ्री एसीत बाकी एक किंवा चार उरली तर लोअर, दोन किंवा पाच उरली तर मिडल, तीन किंवा सहा उरली तर अप्पर, सात उरली तर साइड लोअर आणि काहीच उरलं नाही तर साइड अप्पर. डबा बहात्तरचा असो की नवा ऐंशीचा, हा हिशेब बदलत नाही.