पुन्हा सुरू केल्यावर न जोडला जाणारा नेटवर्क ड्राइव्ह : कारणमीमांसा आणि तपासणीचा क्रम

विद्यापीठांतील अनेक विभागांत संशोधनाची सामग्री मध्यवर्ती सर्व्हरवर ठेवलेली असते. प्रत्येक संगणकावर तिला झेड किंवा वाय यांसारखे एखादे अक्षर दिलेले असते आणि ती जणू त्याच संगणकातील तबकडी आहे अशा रीतीने वापरली जाते. दिवसभर ही व्यवस्था बिनबोभाट चालते. परंतु संगणक बंद करून पुन्हा सुरू केला की त्या अक्षरावर तांबडी फुली उमटते आणि सर्व नेटवर्क ड्राइव्ह पुन्हा जोडता आले नाहीत, अशा अर्थाची सूचना दिसते. अशा वेळी जोडणी काढून टाकून ती नव्याने करण्याचा उपाय सर्रास योजला जातो. त्याने त्या दिवसाचे काम भागते. मूळ कारण मात्र बहुधा जागच्या जागी राहते. याचे कारण असे की, हा एक दोष नसून एकाच लक्षणाआड दडलेले अनेक भिन्न दोष आहेत. विंडोज या कार्यप्रणालीपुरता त्यांचा विचार येथे केला आहे.

जोडणीचे तीन दुवे

ड्राइव्ह कायमचा जोडताना विंडोज आपल्या रजिस्ट्रीत, त्या वापरकर्त्याच्या विभागात, 'नेटवर्क' या शीर्षकाखाली त्या अक्षराची नोंद करते. या नोंदीत सर्व्हरवरील फोल्डरचा मार्ग असतो, पासवर्ड नसतो. तो जतन केला असल्यास क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये वेगळा राहतो. वापरकर्त्याने संगणकात प्रवेश करताच नोंद वाचली जाते, सर्व्हरचा शोध घेतला जातो आणि ओळख पटविली जाते. नोंद, वाट आणि ओळख असे हे तीन दुवे होत. यांपैकी कोणताही एक तुटला तरी वापरणाऱ्यास दिसणारी फुली एकच असते.

वेळेचा दोष

प्रथम फुली असलेल्या ड्राइव्हवर दोनदा टिचकी मारून पाहावे. तो उघडला तर नोंद, वाट व ओळख हे तिन्ही दुवे शाबूत असून दोष केवळ वेळेचा आहे, असे समजावे. प्रवेश लवकर व्हावा म्हणून २००१ साली आलेल्या विंडोज एक्सपीपासून ही प्रणाली नेटवर्क सिद्ध होण्याची वाट न पाहताच वापरकर्त्यास आत घेते. बिनतारी जोडणी असल्यास हे अंतर अधिक जाणवते. डोमेनमधील संगणकांसाठी, प्रवेशापूर्वी नेटवर्कची नेहमी वाट पाहावी, असे धोरण ग्रुप पॉलिसीत ठरविता येते. इतरत्र, प्रवेशानंतर काही सेकंदांनी 'नेट यूज' ही आज्ञा देणारी छोटी स्क्रिप्ट पुरेशी होते. क्वचित दोष प्रणालीचाच असतो. २०१८ मधील विंडोज १० च्या १८०९ या आवृत्तीत ड्राइव्ह पुन्हा न जोडले जाण्याचा दोष मायक्रोसॉफ्टने मान्य केला होता व त्याच वर्षी डिसेंबरात तो दुरुस्त केला.

काही काळ वापर न झाल्यास सर्व्हर स्वतःच जोडणी सोडतो. विंडोज सर्व्हरवर ही मर्यादा मूलतः १५ मिनिटांची असते. अशा वेळी दिसणारी फुली हा दोष नव्हे.

त्रुटिक्रमांकांची साक्ष

टिचकीने ड्राइव्ह उघडत नसेल, तर 'नेट यूज' ही आज्ञा हाताने द्यावी आणि येणारा त्रुटिक्रमांक पाहावा. ५३ हा क्रमांक सर्व्हरपर्यंतची वाट सापडत नसल्याचे दर्शवितो. सर्व्हरच्या नावाऐवजी त्याचा आयपी पत्ता देऊन जोडणी झाली, तर नावाचा उलगडा होत नाही असे ठरते; तीही झाली नाही, तर ४४५ क्रमांकाचे पोर्ट अडविले गेले आहे काय, हे पाहावे. ६७ आल्यास फोल्डरचे नाव तपासावे. ८५ म्हणजे ते अक्षर आधीच दुसऱ्या कशास दिलेले आहे. ८६ व १३२६ हे ओळख न पटल्याचे क्रमांक होत. १२१९ म्हणजे एकाच सर्व्हरशी दोन वेगळ्या वापरकर्तानामांनी एकाच वेळी जोडण्याचा प्रयत्न झाला.

पासवर्ड बदलल्यानंतर क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये जुनाच शिल्लक राहणे, हे ओळख न पटण्याचे नेहमीचे कारण होय. तेथील जुनी नोंद पुसून नवी करावी. तसे न केल्यास चुकीचा पासवर्ड वारंवार पाठविला जाऊन, संस्थेचे धोरण तसे असल्यास, खातेच बंद होण्याचा संभव असतो.

अद्ययावतीकरणाचा परिणाम

अनेकदा पुन्हा सुरू करणे हे कारण नसते. अद्ययावतीकरण अमलात येण्याचा तो केवळ क्षण असतो. २०१७ सालच्या १७०९ या आवृत्तीपासून विंडोज १० मध्ये एसएमबी १ हा जुना संकेत मूलतः बसविला जात नाही. त्यामुळे तोच संकेत जाणणारी जुनी साठवण-यंत्रे एकाएकी दिसेनाशी होतात. २०२४ च्या विंडोज ११ मधील २४एच२ आवृत्तीने प्रो, एंटरप्राइज व एज्युकेशन या प्रकारांत एसएमबी संदेशांवर अंकीय स्वाक्षरी अनिवार्य केली. पासवर्डाविना पाहुणा म्हणून मिळणारा प्रवेश प्रो प्रकारातही तेव्हापासून मूलतः बंद झाला. अशा वेळी जुना संकेत पुन्हा चालू करण्याचा मोह आवरावा. मे २०१७ मधील वॉनाक्राय हे उपद्रवी सॉफ्टवेअर एसएमबी १ च्या त्रुटीतूनच पसरले होते. साठवण-यंत्राचे फर्मवेअर सुधारणे अथवा यंत्र बदलणे हाच योग्य मार्ग होय.

संशोधकास विशेष महत्त्वाची गोष्ट

अक्षर हे संगणकाचे नसून वापरकर्त्याच्या त्या प्रवेशसत्राचे असते. म्हणून प्रशासकीय अधिकाराने उघडलेल्या प्रोग्रॅमला, किंवा टास्क शेड्युलरने वापरकर्त्याच्या अनुपस्थितीत चालविलेल्या कामाला, तो ड्राइव्ह सहसा दिसत नाही. पडद्यावर सारे सुरळीत दिसत असताना रात्रीची गणना अर्धवट थांबू शकते. त्याहून गंभीर गोष्ट अशी की, सामग्रीची राखीव प्रत घेणारी स्क्रिप्ट काहीही न घेता संपू शकते, आणि ते कळते मूळ सामग्री नष्ट झाल्यानंतर. यासाठी आपोआप चालणाऱ्या कामांत अक्षर न वापरता, दोन उलट्या तिरप्या रेघांनी सुरू होणारा सर्व्हरचा संपूर्ण मार्ग लिहावा, ते काम सर्व्हरवर अधिकार असलेल्या खात्याने चालवावे आणि प्रत खरोखर तयार झाली की नाही, हे वेळोवेळी पाहावे.

सारांश, आधी टिचकी, मग त्रुटिक्रमांक, मग जतन केलेली ओळख आणि शेवटी अद्ययावतीकरणाचा दिनांक, या क्रमाने पाहिल्यास कोणता दुवा तुटला आहे, हे बहुधा निश्चित करता येते. तो ओळखण्यापूर्वी केलेली पुनर्जोडणी हा उपाय नव्हे. ते केवळ लक्षण झाकणे होय.