शिक्क्याची हद्द

‘नोटरी झालीय, काळजी करू नका.’ कोल्हापूर आणि आसपासच्या जागेच्या व्यवहारांत हे वाक्य जेवढ्या खात्रीने म्हटलं जातं, तेवढी खात्री त्या कागदात नसते. उपनगरातला दीड गुंठ्याचा प्लॉट असो, बहिणीने भावाला सोडलेला हिस्सा असो की दोन भावांतली रानाची वाटणी. पाचशेचा स्टॅम्प, ‘लिहून घेणार’ आणि ‘लिहून देणार’ यांची नावं, तळाशी लाल चकतीवर गोल शिक्का, एवढं झालं की कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत जातो, पिशवी तिजोरीत, आणि माणूस निवांत. उलट, नोटरी म्हणजे नुसता शिक्के मारणारा, त्याची गरजच काय, असं म्हणणारेही पुष्कळ. दोघांची चूक एकच आहे. शिक्का नेमकं काय सांगतो, हे दोघांनीही पाहिलेलं नसतं. तो फार थोडं सांगतो. मात्र तेवढं नीट सांगितलं तर ते पुढे पन्नास वर्षं उपयोगी पडतं. नोटरीची किंमत त्याच्या अधिकाराच्या हद्दीत आहे, आणि ती हद्द ओलांडायला लावली की तोच कागद घर बुडवतो.

नोटरीचा कायदा १९५२ चा, नियम १९५६ चे. दहा वर्षं वकिली केलेल्या माणसाला (महिला, अनुसूचित जाती-जमाती आणि इतर मागासवर्गीय वकिलांना सात) केंद्र किंवा राज्य सरकार नेमतं. शिक्का कसा असावा हेही नियमात आहे: साधा, गोल, पाच सेंटिमीटर व्यासाचा, त्यात नोटरीचं नाव, कामाचं क्षेत्र, नोंदणी क्रमांक आणि नेमणाऱ्या सरकारचं नाव. पण खरा ऐवज शिक्का नव्हे, शेजारी उघडं पडलेलं रजिस्टर आहे. कागदावरचा अनुक्रमांक आणि रजिस्टरातल्या ओळीचा अनुक्रमांक एकच असतो. त्या ओळीत तारीख, कागदाचा प्रकार, करून देणाऱ्याचं नाव-गाव, घेतलेली फी, आणि सही. सातबारावर ‘बाळू’, आधारवर ‘बाळासाहेब’ आणि शाळेच्या दाखल्यावर तिसरंच काही, अशा माणसाने ‘हे सगळे मीच’ असं शपथेवर लिहून दिलं, तर नोटरी एवढंच म्हणतो की हा इसम अमुक दिवशी माझ्यापुढे आला, त्याची ओळख पटली, त्याने शपथ घेऊन सही केली. मजकूर खरा आहे, असं तो म्हणत नाही. खोटं निघालं तर जबाबदार शपथ घेणारा. अशा प्रतिज्ञापत्रांचा ओघ कोल्हापुरात आता वाढायचाच. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सहा जिल्ह्यांसाठी इथे बसतं आहे.

ही रीत इंग्रजांनी आणली असं वाटतं, पण तिच्या मागची गरज आपल्याकडे जुनी आहे. वतनाचा तंटा मिटला की गोतसभेत महजर लिहिला जाई आणि खाली साक्षी पडत. लिहिता न येणारा पाटील नांगराची निशाणी काढी, बलुतेदार आपापल्या हत्याराची. तिथे साक्षीदार माणसाला तीन पिढ्यांपासून ओळखत असे आणि बांध कुठे आहे हेही त्याला ठाऊक असे. ओळख आणि मजकूर, दोन्हींची हमी एकाच पंगतीत बसलेली. नोटरी परका असतो. त्याला ओळख पटवायला आधार कार्ड लागतं आणि ‘मी यांना ओळखतो’ म्हणून सही करणारा कोणी वकील लागतो. बांध कुठे आहे, हे त्याला माहीत नसतं आणि कायदाही ते त्याला विचारत नाही. लोक मात्र गोल शिक्क्यात अजून महजर पाहतात. गोंधळाचं मूळ तिथे आहे.

जमिनीच्या बाबतीत हा गोंधळ सर्वात महाग पडतो. नोंदणी कायदा १९०८ चा. शंभर रुपयांवरच्या स्थावरातला हक्क देणारा किंवा सोडणारा दस्त दुय्यम निबंधकाकडेच नोंदवावा लागतो. खरेदीखत, बक्षीसपत्र, हक्कसोडपत्र सगळी त्यात आली. भाड्याच्या घराचा अकरा महिन्यांचा करारसुद्धा महाराष्ट्रात १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने नोंदवावाच लागतो, आणि तरी तो सर्रास ‘नोटरी करून’ भागवला जातो. फरक तांत्रिक नाही. नोंदलेला दस्त इंडेक्स टू मध्ये येतो, तिथून फेरफार, फेरफारातून सातबारा. पुढचा घेणारा शोध घ्यायला गेला की त्याला तो सापडतो. नोटरीचं रजिस्टर नोटरीच्या कपाटात राहतं. विकणाऱ्याने तोच प्लॉट पुढच्या महिन्यात दुसऱ्याला नोंदणीकृत खरेदीखताने दिला, तर पहिल्याच्या हातात शिक्का उरतो आणि दाव्याची पायरी. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात साठेखत, कुलमुखत्यारपत्र आणि मृत्युपत्र यांची मोट बांधून केलेल्या विक्रीने मालकी जात नाही, असं स्पष्ट सांगितलं. त्यानंतरही ही मोट बांधली जातेच.

यावर एक रास्त आक्षेप आहे. लोक हौसेने नोटरीकडे जात नाहीत. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्यामुळे लहान तुकड्याचा दस्त निबंधक घेत नव्हता, मग गरिबाने घर बांधायचं कुठे? हे खरं आहे. कायद्याने दार बंद केलं आणि लोकांनी खिडकी शोधली. सरकारनेही २०२५ मध्ये हा बंध सैल करायला घेतला, म्हणजे एका अर्थी चूक मान्यच केली. पण दार बंद होतं म्हणून खिडकीचं दार होत नाही. अशा कागदाने पैसे दिल्याचा आणि ताबा घेतल्याचा दिवस सांगता येतो, आणि तोही पुराव्याचा एक भाग म्हणूनच. घेणाऱ्याला हे सही करण्यापूर्वी सांगणं, हे नोटरीचं त्या वेळचं खरं काम. ते किती ठिकाणी होतं, हा प्रश्न वेगळा.

आता हद्दीच्या आतली ताकद. नोटरीसमोर केलेलं मुखत्यारपत्र खरोखर त्याच माणसाने केलं, असं न्यायालय गृहीत धरतं. १८७२ च्या पुरावा कायद्यात हे कलम ८५ होतं, २०२३ च्या नव्या अधिनियमातही ते टिकलं. त्यातही बारकावा आहे. मालकाने सही केलेला दस्त त्याच्या वतीने मुखत्याराने निबंधकाकडे दाखल करायचा, आणि मालक इचलकरंजीत राहत असेल, तर नोटरीचं मुखत्यारपत्र चालत नाही. ते निबंधकासमोरच करावं लागतं. मालक लंडनमध्ये असेल तर मात्र तिथल्या नोटरीसमोर किंवा भारतीय वकिलातीत केलेलं चालतं. गावाजवळच्याला कडक आणि सातासमुद्रापलीकडच्याला सैल, असं ऐकताना वाटतं. पण कायद्याचा हिशोब सरळ आहे: जो निबंधकापर्यंत येऊ शकतो त्याने यावं.

मृत्युपत्राबाबत तर लोकांचा समज पुरता उलटा आहे. त्याला स्टॅम्प लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही, नोटरीही नाही. १९२५ च्या वारसा कायद्याप्रमाणे साध्या कागदावर करणाऱ्याची सही आणि ती पाहून सह्या करणारे दोन साक्षीदार पुरतात. मग ऐंशीच्या घरातल्या माणसाला जिने चढवून नोटरीकडे का न्यायचं? कारण वाद मजकुराचा क्वचितच असतो. ‘त्या दिवशी आबांना शुद्ध नव्हती’, ‘सही त्यांची नाही’, ‘तारीख मागाहून घातली’, हे वाद असतात, आणि रजिस्टरातली ओळ शेवटच्या दोहोंना उत्तर देते. वरच्या आणि खालच्या नोंदींच्या मध्ये ती मागाहून घुसवता येत नाही. पहिल्याला डॉक्टरांचा त्याच दिवसाचा दाखला लागतो. साक्षीदारांची जागा मात्र नोटरी घेत नाही. न्यायालयात मृत्युपत्र शाबीत करायला त्या दोघांपैकी जिवंत असलेला किमान एक उभा राहावा लागतो, म्हणून साक्षीदार करणाऱ्यापेक्षा वयाने लहान असावेत, हा जुन्या वकिलांचा सल्ला शिक्क्यापेक्षा मोलाचा.

सर्वात जड आक्षेप उरतोच: माणूस समोर न येता शिक्का मिळत असेल तर या साऱ्याला अर्थ काय? काहीच नाही. पानं आधी छापून, सह्या घरून आणून कागद पुढे सरकवले जातात, ही तक्रार खोटी नाही. सोडचिठ्ठ्या आणि लग्नंसुद्धा नोटरीवर उरकली जाऊ लागली, तेव्हा ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्राच्या विधी खात्याला नोटरींना तसा अधिकार नाही, हे लेखी बजावावं लागलं. आंबोली उतरून गोव्यात गेलं की चित्र बदलतं. तिथे पोर्तुगीज वारशातून आलेला नोटरी सरकारी अधिकारी असतो. जाहीर मृत्युपत्र त्याच्याच पुस्तकात लिहिलं जातं, वारसदारीचा दस्तही त्याच्याच समोर होतो. आपल्याकडे रजिस्टर खासगी कपाटात असतं, आणि पक्षकार ते उघडून आपली ओळ सहसा पाहत नाही. शिक्का वाळेपर्यंत थांबून त्या ओळीचा क्रमांक कागदावरच्या क्रमांकाशी जुळवायला अर्धं मिनिट पुरतं.