दोष कार्ब्युरेटरचा की ठिणगीचा?

उन्हाळ्यात नागपूरचा पारा ४५ अंशांच्या आसपास गेला की जुन्या ॲम्बेसेडर आणि फियाट गाड्या रस्त्यात थांबू लागतात. मग बॉनेट उघडायचे, पेट्रोल पंपावर ओले फडके ठेवायचे आणि थोडा वेळ सावलीत उभे राहायचे, हा उपाय जुन्या चालकांना चांगला ठाऊक असतो. फडक्याने काय होते? यातील बहुतेक गाड्यांचा पंप इंजिनालाच जोडलेला असतो. पेट्रोल हे अनेक द्रवांचे मिश्रण. त्यातील हलके घटक थोड्याशा उष्णतेनेही उकळू लागतात. पंपात आणि नळीत वाफ साठते. वाफ दाबली जाते, पण पुढे सरकत नाही. त्यामुळे कार्ब्युरेटरला पेट्रोल मिळत नाही. फडक्यातील पाण्याचे बाष्पीभवन होताना पंप थंड होतो. माठातले पाणी गार होते तेही असेच!

पण गेली कित्येक वर्षे हाच उन्हाळा सोसलेली गाडी यंदाच का थांबते? येथे बरेच जण कार्ब्युरेटरला दोष देतात, तो उघडून साफ करतात किंवा नवाच बसवतात. खर्च होतो आणि दोष तसाच राहतो. कारण तो अनेकदा डिस्ट्रिब्युटरमध्ये असतो.

सिलिंडरमधील हवा-पेट्रोलचे मिश्रण ठिणगी पडताक्षणी पूर्ण जळत नाही. ज्योत पसरायला सुमारे २ सहस्रांश सेकंद लागतात असे धरू. इंजिन मिनिटाला १००० फेरे घेत असेल तर एका फेऱ्याला ६० सहस्रांश सेकंद लागतात; म्हणजे ज्योत पसरेपर्यंत दांडा १२ अंश फिरतो. ३००० फेऱ्यांना तोच कोन ३६ अंश होतो. (प्रत्यक्षात वेग वाढला की मिश्रण अधिक घुसळले जाते व ज्योतही लवकर पसरते, म्हणून इतका फरक पडत नाही.) म्हणूनच दट्ट्या वरच्या टोकाला पोचण्याआधी ठिणगी पडावी लागते, आणि वेगाबरोबर ती अधिक आधी पडावी लागते. हे काम डिस्ट्रिब्युटरमधील फिरती वजने करतात.

ठिणगी पडते ती पॉइंट उघडतात त्या क्षणी. पॉइंट उघडणारा छोटा फायबरचा ठोकळा झिजला की फट कमी होते, पॉइंट उशिरा उघडतात आणि ठिणगी मागे पडते. मिश्रण उशिरा जळते, ताकद घटते, जास्त उष्णता इंजिनात आणि सायलेन्सरकडे जाते. इंजिन तापले की पंप तापतो आणि पंपात वाफ होते. दोष एका टोकाला, लक्षण दुसऱ्या!

उलटही घडते. पेट्रोल कमी आणि हवा जास्त असलेले मिश्रण सावकाश जळते. ठिणगी अगदी वेळेवर पडली तरी ती उशिरा पडल्यासारखीच लक्षणे दिसतात. काही गाड्यांत कार्ब्युरेटरपासून डिस्ट्रिब्युटरकडे एक बारीक नळी जाते. कमी भारावर इंजिनातील निर्वाताच्या ओढीने ती ठिणगी आणखी पुढे आणते. तिचे रबर तडकले की दोन्ही दोष एकदम येतात: ठिणगी मागे पडते आणि तडीतून जादा हवाही आत शिरते. ही नळी कार्ब्युरेटरकडून काढून तोंडाने ओढून पाहावी. डिस्ट्रिब्युटरमधली तबकडी हलली पाहिजे. कार्ब्युरेटर उघडण्यापूर्वी करण्याची ही तपासणी फुकट आहे.

म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी पॉइंटची फट, मग टायमिंग, शेवटी कार्ब्युरेटर. फट बदलली की टायमिंग बदलते, टायमिंग बदलले की इंजिनाचा स्लो बदलतो; उलट्या क्रमाने गेल्यास केलेले काम पुन्हा करावे लागते. टायमिंग पाहायला १२ व्होल्टचा साधा बल्ब पुरतो. तो पॉइंटकडे जाणारी कॉइलची तार आणि इंजिनाचा धातू यांमध्ये जोडावा, चावी लावावी आणि इंजिन हाताने सावकाश फिरवावे. पॉइंट मिटलेले असताना प्रवाह त्यांच्यातून जातो, बल्ब विझलेला राहतो. पॉइंट उघडताच तो लागतो. त्या क्षणी पुलीवरची खूण कोठे आहे ते पाहायचे. (विद्यार्थ्यांनी हे जाणत्या मिस्त्रीसोबतच करावे, पेट्रोलजवळ ठिणगी नको.)

कार्ब्युरेटरबद्दल आता एक नवी गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. २०२५ मध्ये देशाने पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट गाठले. एक किलो पेट्रोल जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला मात्र ९ किलोच. मिश्रणाला साधारण साडेतेरा. जुन्या कार्ब्युरेटरचे जेट म्हणजे ठरावीक मापाचे भोक. ते निव्वळ पेट्रोलच्या हिशेबाने पाडलेले असल्याने आता मिश्रण पातळ पडते. शिवाय इथेनॉलने जुन्या रबरी नळ्या आणि वॉशर खराब होऊ शकतात.

२०२१ च्या नियमानुसार मूळ रूपात जपलेल्या, पन्नास वर्षांवरील चारचाकींना विंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळते. त्यामुळे १९७० च्या सुमाराच्या नागपुरातल्या गाड्याही या वर्गात आल्या. अशा गाडीचे जेट बदलायचे की नाही, हे प्लग सांगतो. काही किलोमीटर चालवून प्लग काढावा. टोक काजळीने काळे असेल तर पेट्रोल जास्त, पांढरेफटक असेल तर कमी, फिकट तपकिरी असेल तर बरोबर. पण पांढरेपणा अतिउष्णतेनेही येतो. म्हणून टायमिंग तपासल्यावरच प्लगचा रंग वाचावा.